गुडघा वाकेना, तरी धावली



शाळांच्या क्रीडास्पर्धा सुरू झाल्या की आपल्या भागातली एखादी तरी मुलगी लंगडत घरी येते. कुणाचा घोटा मुरगळलेला असतो, कुणाचा गुडघा सुजलेला. त्या रात्री घरात एक वाक्य हमखास ऐकू येतं, ‘बास झाला आता खेळ.’ तोच मुलगा असला, तर म्हणतात, ‘डॉक्टरला दाखव, बरा झालास की जा.’ हा फरक नुसता आपल्या घरातला नाही. त्याला इतिहास आहे आणि तो जगभरचा आहे. त्या इतिहासातल्या एका मुलीची गोष्ट आज मी सांगणार आहे. ती पडली, मोडली आणि पाच वर्षांनी पुन्हा धावली. ती कशी धावू शकली, हे नीट ऐका, कारण आपल्या कामाचं तेच आहे.

तिचं नाव बेटी रॉबिन्सन. जन्म २३ ऑगस्ट १९११चा. अमेरिकेत शिकागो शहराजवळ रिव्हरडेल नावाचं छोटं गाव आहे, तिथली ती. शाळा शेजारच्या हार्वी गावात होती, त्यामुळे रोजची ये-जा आगगाडीने. शाळेत मुलांचा धावण्याचा संघ होता, मुलींचा नव्हता. बायकांच्या धावण्याच्या शर्यती होतात, हेच मुळी तिला ठाऊक नव्हतं.

एके दिवशी शाळा सुटल्यावर गाडी स्टेशनात येऊन लागली आणि बेटी अजून लांबच होती. गाडीत तिचे जीवशास्त्राचे शिक्षक चार्ल्स प्राइस बसले होते. ते स्वतः एकेकाळचे धावपटू आणि शाळेतल्या मुलांच्या संघाचे एक मार्गदर्शक. पळत येणाऱ्या बेटीला त्यांनी पाहिलं आणि मनाशी म्हटलं, या पोरीची गाडी चुकली. थोड्या वेळाने बघतात तर ती त्यांच्या शेजारी येऊन बसलेली! सरांनी नंतर तिला शाळेच्या लांब व्हरांड्यात पन्नास यार्ड, म्हणजे साधारण पंचेचाळीस मीटर पळायला लावलं आणि घड्याळ लावून वेळ मोजली. ती वेळ बघून त्यांनी तिला मुलांच्या संघाबरोबर सरावाला घेतलं.

मैत्रिणींनो, सरांनी काय केलं बघा. मैदान हाताशी नव्हतं, तर व्हरांडा वापरला. मुलींचा संघ नव्हता, तर मुलांच्यात तिच्यासाठी जागा केली. पुढच्या सगळ्या गोष्टीत हा ‘जागा करणे’ शब्द लक्षात ठेवा.

मार्च १९२८मध्ये बेटी पहिल्यांदा मोठ्या शर्यतीत उतरली. त्या वेळची अमेरिकेतली नावाजलेली धावपटू हेलन फिल्की पहिली आली आणि ही नवखी शाळकरी मुलगी तिच्या मागोमाग दुसरी. त्यानंतर चारच महिन्यांनी, ३१ जुलै १९२८ला, हॉलंडमधल्या अॅमस्टरडॅमच्या ऑलिंपिकमध्ये तिने बायकांची शंभर मीटरची शर्यत जिंकली. वेळ १२.२ सेकंद, वय सोळा वर्षं. ऑलिंपिकच्या इतिहासात ही शर्यत जिंकणारी ती पहिली स्त्री. पहिली, कारण त्याआधी धावण्याच्या शर्यतीत बायकांना घेतच नसत.

त्या वर्षी तरी का घेतलं? कुणी मेहेरबानी केली नव्हती. आधुनिक ऑलिंपिक सुरू करणारे फ्रान्सचे कुबेर्ताँ यांचा बायकांनी स्पर्धेत उतरायलाच विरोध होता. तेव्हा फ्रान्समधल्याच आलिस मिलिया नावाच्या बाईंनी १९२१ साली स्त्रियांच्या खेळांचा आंतरराष्ट्रीय संघ उभा केला आणि १९२२ला पॅरिसमध्ये बायकांचे स्वतंत्र सामने भरवले. ते सामने गाजले. तेव्हा कुठे ऑलिंपिकवाल्यांनी दार किलकिलं केलं आणि १९२८ला बायकांसाठी मैदानी खेळांचे पाच प्रकार ठेवले. त्यात धावण्याच्या तीन शर्यती होत्या. शंभर मीटर, आठशे मीटर आणि चौघींची रिले.

त्यातल्या आठशे मीटरच्या शर्यतीचं पुढे काय झालं, ते ऐका. अंतिम शर्यतीत नऊ जणी धावल्या. जर्मनीच्या लिना राडके पहिल्या आल्या आणि त्यांनी जागतिक विक्रम केला. जपानच्या किनुए हितोमी दुसऱ्या आल्या. शर्यत संपल्यावर काही जणी दमून मैदानावर पडल्या. आठशे मीटर जीव तोडून पळाल्यावर कुणीही पडेल, पुरुषही पडतात. पण दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांत बिचाऱ्या बायका कशा कोसळल्या, याचीच वर्णनं आली. बायकांच्या शरीराला हे झेपत नाही, असं ठरवून ती शर्यतच काढून टाकली. ती परत आली १९६०मध्ये, रोमच्या ऑलिंपिकला. मधे बत्तीस वर्षं गेली. एवढ्या काळात दोनशे मीटरच्या वर एकही धावण्याची शर्यत ऑलिंपिकमध्ये बायकांना नव्हती.

‘बास झाला आता खेळ’ हे वाक्य आपल्या ओट्यावरच म्हटलं जातं असं नाही. सुटाबुटातल्या माणसांनी ते युरोपातल्या बैठकीत म्हटलं आणि जगातल्या पोरींची एक पिढी त्यात गेली. आपल्याशी याचा संबंध काय, असं वाटेल. साताऱ्याच्या माण तालुक्यातल्या मोही गावच्या ललिता बाबर २०१६ला रिओच्या ऑलिंपिकमध्ये तीन हजार मीटरच्या अडथळा शर्यतीत अंतिम फेरीत धावल्या आणि दहाव्या आल्या. बायकांसाठी ही शर्यत ऑलिंपिकमध्ये आली तीच मुळी २००८ला. बंद दारं एकेक करून उघडायला इतकी वर्षं लागली.

आता पुन्हा बेटीकडे येऊ. १९३२चं ऑलिंपिक तिच्याच देशात, लॉस एंजेलिसला होणार होतं. ती त्याची तयारी करत होती. २८ जून १९३१चा दिवस, उन्हाळा कडक. पोहायला जावं तर तिला पोहण्याची मनाई होती, धावण्याचे स्नायू बिघडतील अशी तेव्हाची समजूत. तिच्या चुलतभावाकडे एक छोटं विमान होतं. जरा वरच्या गार हवेत फिरून येऊ, म्हणून ती त्यात बसली आणि विमान कोसळलं. बेशुद्ध बेटीला पाहून मदतीला आलेल्या माणसाला ती गेली असंच वाटलं आणि त्याने तिला गाडीच्या डिकीत घालून नेलं, अशी हकिकत पुढे कितीतरी वर्षं सांगितली जायची. ती जिवंत होती, पण पाय मोडला होता, हात चिरडला होता, डोक्याला मोठी जखम होती. पायाचं हाड जुळवायला आत धातूची सळई घालावी लागली. कित्येक महिने ती चाकाच्या खुर्चीवर होती, मग कुबड्या. पाय बरा झाला तो थोडा आखूड होऊन. डॉक्टरांना ती पुन्हा शर्यतीत धावेल अशी आशा नव्हती. १९३२चं ऑलिंपिक तिच्याशिवाय झालं.

हळूहळू ती चालायला लागली, मग पळायला लागली. वेग बराचसा परत आला. एक गोष्ट मात्र परत आली नाही. तिचा गुडघा पूर्ण वाकत नव्हता.

शंभर मीटरच्या शर्यतीत हे फार महत्त्वाचं असतं. धावपटू खाली वाकून, एक गुडघा टेकून सुटतात. आजच्यासारखे पाय टेकवायचे ठोकळे तेव्हा ऑलिंपिकमध्ये नव्हते. धावपटू स्वतःच छोट्या खुरप्याने धावपट्टीत दोन खड्डे करायचे, त्यात पाय रोवायचे आणि पिस्तुलाचा बार झाला की झेपावायचे. ज्याला वाकून बसता येत नाही, त्याची पहिल्या पावलालाच हार. म्हणजे जी शर्यत बेटीने सोळाव्या वर्षी जिंकली होती, ती तिच्यासाठी कायमची संपली होती.

पण चौघींच्या रिलेत खाली वाकून सुटते ती फक्त पहिली. दुसरी, तिसरी आणि चौथी उभ्या उभ्याच पळायला लागतात आणि मागून येणारीकडून बॅटन घेतात. बेटीला रिलेत घेतलं आणि तिसऱ्या जागेवर ठेवलं. १९३६चं बर्लिन ऑलिंपिक, ९ ऑगस्टची अंतिम शर्यत. हॅरिएट ब्लँड सुटली, तिने अॅनेट रॉजर्सला बॅटन दिलं, अॅनेटने बेटीला आणि बेटीने हेलन स्टीफन्सला. जर्मनीच्या मुली पुढे होत्या, पण शेवटच्या बदलीत त्यांच्या हातून बॅटन खाली पडलं. अमेरिकेच्या चौघी जिंकल्या. विमान अपघातानंतर पाच वर्षांनी बेटीच्या गळ्याशी दुसरं सुवर्णपदक आलं.

कुणी म्हणेल, जर्मनीचं बॅटन पडलं म्हणून जिंकल्या, नशीब होतं. असेल. पण नशीब उजाडायला आधी मैदानात असावं लागतं, आणि बेटी मैदानात होती. तिचा गुडघा कुणी जबरदस्तीने वाकवला नाही. गुडघा वाकत नाही म्हणून तिला घरीही बसवलं नाही. न वाकणारा गुडघा चालेल अशी जागा खेळातच शोधली. हिंमत तिची होतीच, पण तेवढ्यावर हे झालं नाही.

आणखी एक गोष्ट लागली, ती म्हणजे पैसा. ते मंदीचे दिवस होते. अमेरिकेच्या महिला संघाला बर्लिनला जायला पैसे कमी पडत होते आणि खेळाडूंनाच खटपट करावी लागली. बेटीने त्यासाठी आपल्या जुन्या पदकांपैकी काही विकली, असं सांगतात. ही वेळ आपल्याकडच्यांनाही चुकली नाही. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ला हेलसिंकीला गेले आणि कुस्तीत कांस्यपदक घेऊन आले. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्यांच्या प्रवासासाठी गावकऱ्यांनी पैसे गोळा केले होते आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी आपलं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले होते. पदक एकाच्या गळ्यात दिसतं, त्यामागे गहाण पडलेलं घर दिसत नाही. पुढे खाशाबांचा गुडघा दुखावला आणि १९५६च्या ऑलिंपिकला त्यांना जाता आलं नाही. आधी पैसा जमवणारी माणसं भेटली, पण गुडघ्याने साथ दिली नाही. दोन्ही लागतं.

बेटीच्याच काळातली, शिकागोचीच आणखी एक मुलगी होती, टायडी पिकेट. ती कृष्णवर्णीय होती. १९३२च्या ऑलिंपिकला तिची आणि लुइस स्टोक्स या दुसऱ्या कृष्णवर्णीय मुलीची रिलेसाठी निवड झाली, पण शर्यतीच्या वेळी दोघींना बाहेर बसवलं आणि गोऱ्या मुलींना धावायला दिलं. चार वर्षांनी बर्लिनला टायडीला अखेर अडथळ्यांच्या शर्यतीत उतरता आलं. ऑलिंपिकमध्ये उतरलेली ती पहिली आफ्रिकन-अमेरिकन स्त्री. उपांत्य फेरीत तिचा पाय अडथळ्याला लागला आणि पावलाला दुखापत झाली. त्या मैदानावर ती पुन्हा आली नाही. म्हणजे एकाच संघात एका मुलीच्या न वाकणाऱ्या गुडघ्यासाठी जागा निघाली आणि दुसरीला धडधाकट असताना बाहेर बसवलं होतं. जागा आपोआप निघत नाही. ती कुणीतरी काढतं, आणि कुणासाठी काढायची हेही माणसंच ठरवतात. टायडी पुढे शिक्षिका झाली, मग शिकागोजवळच्या एका शाळेची मुख्याध्यापिका. वीसहून जास्त वर्षं तिने ती शाळा चालवली आणि ती निवृत्त झाल्यावर शाळेला तिचंच नाव दिलं गेलं.

आता आपल्याकडे या. आमच्या एका गटात मागे असं झालं. एका ताईंची नववीतली मुलगी खो-खो खेळताना पडली, गुडघा सुजला. एक्स-रेत हाड शाबूत होतं, पण चालताना गुडघा निसटल्यासारखा व्हायचा. डॉक्टरांनी एमआरआय सांगितला. ताईंनी गटाकडे अंतर्गत कर्ज मागितलं. बैठकीत कुजबुज सुरू झाली. ‘पोरीच्या खेळापायी कर्ज? म्हैस घ्यायला मागितलं असतं तर गोष्ट वेगळी.’ तेवढ्यात आमच्या सगळ्यांत वयस्कर काकू म्हणाल्या, ‘अगं, खेळ राहू दे बाजूला. हा गुडघा तिला अजून पन्नास वर्षं वापरायचाय. उद्या भात लावायला वाकंल, डोईवर पाणी आणंल. आत्ता नीट केला नाही तर जन्माची लंगडी होईल.’ कर्ज मंजूर झालं. रजिस्टरमध्ये कारण काय लिहायचं, यावर पुन्हा चर्चा झाली. सचिव ताईंनी लिहिलं, ‘मुलीचा गुडघा’. त्या मुलीचे व्यायाम अजून चालू आहेत. खो-खोत चौकोनात बसावं लागतं आणि ते तिला सध्या मना आहे. शाळेच्या सरांनी तिला गुण लिहायला बसवलंय. ती रोज मैदानावर जाते. पुन्हा खेळेल की नाही, हे आज कुणी सांगू शकत नाही.

काकूंचं म्हणणं मला पटतं आणि त्यात एक भर घालावीशी वाटते. खेळ बाजूला ठेवायची गरज नाही. पुन्हा खेळायचं म्हणून मुली कंटाळा न करता व्यायाम करतात. ‘आता खेळ बंद’ म्हटलं की व्यायामही बंद होतो आणि गुडघा तसाच कच्चा राहतो.

म्हणून चार गोष्टी सांगते. पहिली, सूज आली, पाय टेकवत नाही, गुडघा अडकतो किंवा निसटतो असं मुलगी म्हणाली, तर चोळून, ओढून घेऊ नका. बर्फ कापडात गुंडाळून शेका, पायाला आराम द्या आणि डॉक्टरला दाखवा. उड्या आणि झटकन वळणं असलेल्या खेळांत गुडघ्याच्या आतला अस्थिबंध तुटण्याचं प्रमाण मुलींमध्ये मुलांपेक्षा जास्त असतं, हे डॉक्टर सांगतात. त्यावर इलाज आहे. खेळाआधी रोज नीट अंग मोकळं करणं, मांड्यांचे स्नायू बळकट करणं आणि उडी मारून गुडघे वाकवून उतरायला शिकणं, याने धोका बराच कमी होतो. हे शाळेत करून घेतात का, ते पालक सभेत विचारा.

दुसरी गोष्ट घाईची. शालेय स्पर्धांत चौदा, सतरा आणि एकोणीस वर्षांखालचे गट असतात. वय निघून जाईल म्हणून मुलीलाही घाई होते, घरच्यांना आणि शिक्षकांनाही होते. पण अस्थिबंधाची शस्त्रक्रिया झाली असेल, तर पुन्हा सामन्यात उतरायला साधारण नऊ महिने तरी लागतात, कधी त्याहून जास्त. दुखणं थांबलं म्हणजे गुडघा तयार झाला असं नव्हे. एक स्पर्धा हुकली तर हुकू द्या. बेटीचं अख्खं ऑलिंपिक हुकलं होतं.

तिसरी, बरी होत असताना तिला मैदानापासून तोडू नका. गुण लिहू दे, वेळ मोजू दे, लहान मुलींना शिकवू दे. डॉक्टरांनी हो म्हटलं, तर झेपेल असा दुसरा प्रकार खेळू दे. परत आल्यावर जुन्या जागी नाही जमलं, तर संघात दुसरी कुठली जागा आहे, ते सरांशी बसून ठरवा.

चौथी आपल्या गटाची. दर महिन्याच्या बचतीतून थोडी रक्कम शाळकरी खेळाडूंच्या दुखण्यासाठी वेगळी काढता येते. वीस जणींनी महिना दहा-दहा रुपये काढले, तर वर्षाला दोन हजार चारशे होतात. एवढ्यात शस्त्रक्रिया होणार नाही. पण एक्स-रे, गाडीभाडं आणि तपासणीची फी निघते, आणि बरेचदा मुलगी पहिल्या तपासणीलाच पोहोचत नाही म्हणून पुढचं सगळं बिघडतं.

बेटी रॉबिन्सन १९९९ला वारली, वयाच्या सत्त्याऐंशीव्या वर्षी. त्याच्या तीन वर्षं आधी, १९९६ला, अमेरिकेत पुन्हा ऑलिंपिक होतं, तेव्हा या आजीबाईंनी हातात ऑलिंपिकची मशाल घेतली होती. तिचे प्राइस सर आगगाडीत दुसरीकडे बघत बसले असते, तर तिचं नाव आज आपल्याला माहीत नसतं.

येत्या बैठकीत आपल्या गावच्या शाळेत कोणत्या मुली खेळतात, त्यातल्या कोण दुखापतीमुळे घरी बसल्यात, एवढी यादी करा. नावं कळली की पुढचं काम सुचेल. तुमच्या गटाने काही ठरवलं, तर आपल्या रेडिओ केंद्रावर येऊन सांगा, तुमच्याच आवाजात ते सगळ्यांना ऐकवू. नमस्कार.